विद्यार्थी प्रयोगशाळेतील लेसरसाठी परवडणारे एनडी फिल्टर : काय वापरावे आणि कशावर विसंबू नये?

लोलक

नमस्कार. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रकाशशास्त्राची प्रयोगशाळा चालवताना ज्या अडचणीशी दरवर्षी गाठ पडते, ती येथे सविस्तर मांडतो आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांच्या सूचना हव्या आहेत.

आमच्याकडे ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर, ६५० नॅनोमीटरच्या आसपासची काही डायोड लेसर मोड्यूल आणि ५३२ नॅनोमीटरचा एक हिरवा लेसर आहे. सर्वांची शक्ती १ ते ५ मिलिवॉटच्या दरम्यान आहे. प्रयोग नेहमीचेच: एका आणि दोन फटींचे विवर्तन, मायकेलसनचा व्यतिकरणमापी, मॅलसचा नियम (ध्रुवक फिरवल्यावर उजेड कसा बदलतो तो) आणि शलाकेची रुंदी मोजणे. पूर्वी विद्यार्थी पडद्यावरच्या पट्ट्या पट्टीने मोजत. आता ते तेच चित्र थेट कॅमेऱ्याच्या सेन्सरवर घेतात, आणि मधले शिखर संपृक्त होऊन त्याचा सपाट पांढरा पट्टा उमटतो. फोटोडायोड सरकवून काढलेल्या आलेखातही शिखराचा माथा कापल्यासारखा दिसतो.

खास लेसरसाठी बनवलेले एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे सर्व रंगांचा उजेड सारखाच कमी करणारे) फिल्टर उत्तम असतात यात शंका नाही, परंतु प्रत्येक मेजासाठी एकेक संच घेणे कोणत्याही विद्यार्थी प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकात बसत नाही. छायाचित्रणाचे फिल्टर, रंगमंचावरच्या दिव्यांना लावतात ती करडी जिलेटिने, वेल्डिंगची काच, जुनी कृष्णधवल फिल्म, पोलरॉइडचे (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या फिल्मचे) तुकडे असे अनेक पर्याय ऐकिवात आहेत. यांपैकी कोणता पर्याय कोणत्या प्रयोगाला चालतो, त्याचा ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे प्रकाश किती अडतो याचे माप) कसा पडताळावा आणि डोळ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने कोठे थांबावे, हे समजून घ्यायचे आहे.

शून्यवाचन

फिल्टर शोधण्याआधी फिल्टर खरोखर लागतो का, हे पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण आपण दिलेल्या यादीतील निम्म्या अडचणी त्याशिवाय सुटतात.

फोटोडायोडचेच घ्या. सिलिकॉनचा फोटोडायोड ६३३ नॅनोमीटरला दर वॉटमागे साधारण ०.४ अँपिअर प्रवाह देतो, म्हणजे १ मिलिवॉटला ०.४ मिलिअँपिअर. डायोड बॅटरीविना नुसताच १० किलोओहमच्या रोधाला जोडला असेल, तर हिशेबाने ४ व्होल्ट यायला हवेत. प्रत्यक्षात अर्ध्या व्होल्टच्या आसपास तो अडून बसतो आणि शिखर सपाट होते. तेथे १०० ओहमचा रोध लावला की ४० मिलिव्होल्ट मिळतात, जे साध्या मल्टिमीटरवर नीट वाचता येतात आणि प्रतिसादही सरळ रेषेत राहतो. ९ व्होल्टची बॅटरी उलट्या दिशेने जोडली तर आणखी मोठ्या पल्ल्यापर्यंत सरळपणा टिकतो. येथे दोष प्रकाशाचा नसून रोधाच्या निवडीचा असतो, आणि रोध बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत प्रथम स्वयंचलित एक्स्पोजर बंद करावे, गेन किमान ठेवावा आणि शटरचा काळ कमी करत जावा. एका फटीच्या विवर्तनात पहिले दुय्यम शिखर मुख्य शिखराच्या ४.७ टक्के आणि दुसरे सुमारे १.६ टक्के असते. आठ बिटांच्या चित्रात मुख्य शिखर २५५ वर बसवले की दुसरे दुय्यम शिखर जेमतेम ४ वर येते, म्हणजे ते गोंगाटात हरवते. कितीही चांगला फिल्टर आणला तरी ही अडचण सुटणार नाही. त्याऐवजी एक चित्र लहान एक्स्पोजरने आणि दुसरे त्याच्या वीसपट एक्स्पोजरने घ्यावे, आणि दुसऱ्यातील संपृक्त भाग टाकून देऊन दोन्ही जोडावीत. चित्रे कच्च्या स्वरूपातच घ्यावीत, कारण जेपेगमध्ये उजेड आणि आकडा यांचे प्रमाण सरळ राहत नाही.

हे सर्व करूनही शलाका थेट सेन्सरवर पडत असेल, तर मात्र फिल्टर लागतोच.

काचपट्टी

शून्यवाचन यांच्याशी सहमत आहे. आता जेथे फिल्टर लागतोच, तेथील पर्यायांविषयी लिहिते.

ओडी म्हणजे पारगमनाच्या व्यस्ताचा दहाच्या पायावरचा लॉगरिथम. ओडी १ म्हणजे दहावा भाग पार जातो, २ म्हणजे शंभरावा, ०.३ म्हणजे निम्मा. एकापुढे एक ठेवलेल्या फिल्टरांच्या ओडींची बेरीज होते. छायाचित्रणाच्या बाजारात मात्र हीच गोष्ट दोन पद्धतींनी लिहितात, त्यामुळे खरेदी करताना लक्ष द्यावे लागते: एनडी८ म्हणजे आठवा भाग, म्हणजेच ओडी ०.९. एनडी६४ म्हणजे ओडी १.८ आणि एनडी१००० म्हणजे ओडी ३. डब्यावर ०.९ लिहिलेला आणि ८ लिहिलेला फिल्टर एकच असू शकतो.

माझ्या मते विद्यार्थी प्रयोगशाळेसाठी छायाचित्रणाचे काचेचे, ठरावीक ओडीचे, लहान व्यासाचे फिल्टर ही सर्वांत समतोल निवड आहे. लहान व्यासाचे जुने फिल्टर कोणाला फारसे नको असतात, आणि लेसरच्या शलाकेला तर एक मिलिमीटर जागाही पुरते. काच सपाट असते, अनेकांच्या पृष्ठभागांवर परावर्तनरोधक थर असतो आणि काही मिलिवॉट तिला काहीच करत नाहीत. ०.३, ०.९ आणि १.८ असे तीन घेतले की त्यांच्या जोड्यांतून ३.० पर्यंत सात वेगवेगळ्या पायऱ्या मिळतात. मात्र फिरवून कमीजास्त करायचे जे ‘व्हेरिएबल’ फिल्टर मिळतात, ते आत दोन ध्रुवक बसवून केलेले असतात. लेसरबरोबर ते कसे वागतील हे लेसरच्या ध्रुवणावर अवलंबून राहते, म्हणून ते एनडी फिल्टर समजून घेऊ नयेत.

रंगमंचाच्या दिव्यांची करडी जिलेटिने ०.१५, ०.३, ०.६, ०.९ आणि १.२ अशा ठरावीक मूल्यांत मिळतात. एका मोठ्या तावातून शेकडो चौकोन कापता येतात आणि स्लाइडच्या जुन्या चौकटीत बसवले की प्रत्येक मेजावर पूर्ण संच पुरवता येतो. विद्यार्थ्यांच्या हातून एखादा खराब झाला तरी हळहळ वाटत नाही. त्यांची मर्यादा पृष्ठभागाची आहे. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा पूर्ण सपाट नसतो, त्यामुळे त्यातून गेलेल्या शलाकेचा ठिपका किंचित वेडावाकडा होतो, आणि ताणलेल्या प्लास्टिकमध्ये द्विअपवर्तन असल्याने ध्रुवणही बदलू शकते. फोटोडायोडवर एकूण शक्ती मोजायची असेल तर याने काही बिघडत नाही. व्यतिकरणमापीच्या एका भुजेत किंवा मॅलसच्या नियमाच्या दोन ध्रुवकांमध्ये मात्र हा तुकडा कधीही ठेवू नये. शिवाय तो शलाकेच्या नाभीपाशी धरला तर जळून भोक पडू शकते, म्हणून शलाका रुंद असेल तेथेच तो ठेवावा.

वेल्डिंगच्या काचेवर शेड क्रमांक असतो. त्यातून एक वजा करून तीन सप्तमांशाने गुणले की ओडी मिळतो: ५ क्रमांकाला सुमारे १.७, ८ ला ३, १० ला सुमारे ३.९. हा हिशेब डोळ्याला जाणवणाऱ्या एकूण उजेडासाठी असतो, एका तरंगलांबीसाठी नव्हे. हिरवट काच लाल लेसरला या आकड्यापेक्षा बरीच जास्त अडवते. तिचा एक मोठा गुण म्हणजे ती अवरक्त आणि अतिनील प्रकाशही अडवते. शलाका थेट कॅमेऱ्यात घ्यायची असेल तर ८ ते १० क्रमांकाची काच उपयोगी पडते, पण तिचा ओडी स्वतः मोजल्याशिवाय वहीत लिहू नये.

सूर्य पाहण्यासाठीची धातूचा मुलामा दिलेली फिल्मही याच कामाची आहे. बाडर कंपनीच्या अशा फिल्मची डोळ्यांनी पाहण्यासाठीची आवृत्ती ओडी ५ ची आणि छायाचित्रणासाठीची ३.८ ची असते. ५ मिलिवॉटचे ५० नॅनोवॉट करायचे असतील तर एक लहान तुकडा पुरतो. तो ताणून बसवू नये. सैलसर राहू द्यावा आणि बारीक छिद्रे नाहीत ना, हे दिव्यासमोर धरून पाहावे.

जुन्या कृष्णधवल फिल्मचा किंवा क्ष-किरण फिल्मचा काळा भाग मी शेवटी सुचवते. त्यातील चांदीचे कण प्रकाश शोषतात तसेच विखुरतातही, त्यामुळे पसरट उजेडात मोजलेल्या घनतेपेक्षा लेसरच्या सरळ शलाकेसाठी ती घनता जास्त भरते. छायाचित्रणाच्या जगात हा परिणाम कॅलिएच्या नावाने ओळखला जातो. ठिपक्याभोवती उजेडाचे वलय दिसते आणि ते नेमके दुय्यम शिखरांच्या जागी येते.

लोलक

काचपट्टी, मनःपूर्वक आभार. चौकटीतील जिलेटिनांची कल्पना लगेच अमलात आणण्यासारखी आहे. एक शंका विचारतो. आमच्याकडे पोलरॉइडचे तुकडे भरपूर आहेत, म्हणून हेलियम-निऑन लेसरपुढे दोन पोलरॉइड ठेवून उजेड कमी करण्याचा प्रयत्न केला. पोलरॉइडना हात न लावताही वाचन हळूहळू वर-खाली होत राहते. लेसर नुकताच सुरू केलेला असेल तर हे अधिक जाणवते. पोलरॉइड काढून मोजले तर वाचन बऱ्यापैकी स्थिर असते. याचे कारण काय असावे?

तिरपा कोन

आपला लेसर अध्रुवित नळीचा असावा. अशा नळीत एकाच वेळी दोन-तीन अनुदैर्घ्य मोड (किंचित वेगवेगळ्या वारंवारतेची कंपने) चालू असतात आणि शेजारच्या मोडांचे ध्रुवण सहसा एकमेकांना लंब असते. नळी तापते तशी तिची लांबी किंचित वाढते, मोड लाभाच्या वक्राखालून (नळी कोणत्या वारंवारतेला किती वाढवते त्या आलेखाखालून) सरकतात आणि त्यांच्यातील शक्तीची वाटणी बदलत राहते. बेरीज जवळजवळ स्थिर असते, म्हणून पोलरॉइडविना वाचन हलत नाही. पोलरॉइड त्यांतील एकच हिस्सा निवडतो, आणि तो हिस्सा खरोखरच वर-खाली होत असतो. नळी पुरेशी तापू दिली की चढउतार मंदावतात, पण पूर्ण थांबत नाहीत. अशा लेसरसाठी लंब आपातात ठेवलेला शोषक काचेचा फिल्टर वापरावा, किंवा पोलरॉइडनंतर शलाकेचा थोडा भाग दुसऱ्या फोटोडायोडवर घेऊन प्रत्येक वाचनाला त्याने भागावे.

डायोड लेसर मात्र बहुधा रेषीय ध्रुवित असतो आणि तेथे पोलरॉइड उत्तम काम देतात. येथे एक बारकावा सांगावासा वाटतो. लेसरच्या ध्रुवणाच्या दिशेतील एकच पोलरॉइड फिरवला तर तीव्रता कोज्येच्या वर्गाप्रमाणे घटते. शंभरावा भाग मिळवण्यासाठी तो ८४.३ अंशांवर न्यावा लागतो, आणि तेथे एका अंशाच्या चुकीने तीव्रता सुमारे ३५ टक्क्यांनी बदलते. बाहेर येणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवणही पोलरॉइडबरोबर फिरते ते वेगळेच. त्याऐवजी दुसरा पोलरॉइड लेसरच्याच ध्रुवणाला समांतर कायमचा बसवावा आणि पहिला फिरवावा. मग तीव्रता कोज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे घटते, शंभरावा भाग ७१.६ अंशांवरच मिळतो, एका अंशाच्या चुकीचा परिणाम सुमारे २१ टक्क्यांवर येतो आणि बाहेरचे ध्रुवण जागचे हलत नाही. मॅलसचा नियम शिकवल्यानंतर लगेच ही मांडणी विद्यार्थ्यांना आलेखासह करायला द्यावी. चौथा घात स्वतःच्या वाचनांतून निघतो तेव्हा नियम खरोखर पचतो.

टाकाऊ एलसीडी पडद्यांवरून सोललेली ध्रुवक फिल्मही चालते. तिच्या मागचा चिकट थर स्पिरिटने काळजीपूर्वक काढावा लागतो, नाहीतर तो प्रकाश विखुरतो.

अंधारखोली

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु धाग्याच्या सुरुवातीला उल्लेखलेल्या हिरव्या लेसरविषयी अजून कोणी लिहिलेले नाही आणि ते राहून जाता कामा नये.

५३२ नॅनोमीटरच्या स्वस्त लेसरमध्ये ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला उद्दीपित करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करून हिरवा प्रकाश देतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी पुढे एक लहानसा फिल्टर लागतो, आणि खर्च वाचवण्यासाठी तोच गाळलेला असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये अशा एका पॉइंटरची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातून बाहेर पडणारा अवरक्त प्रकाश हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त होता.

आता त्यापुढे करडे जिलेटिन ठेवल्यास काय होईल पाहा. जिलेटिनातील रंगद्रव्य दृश्य प्रकाश अडवते आणि अवरक्त जवळजवळ तसाच जाऊ देते. छायाचित्रणाच्या अनेक जास्त ओडीच्या फिल्टरांची आणि पोलरॉइडची गोष्ट फार निराळी नाही. फुली घातलेले (एकमेकांना लंब ठेवलेले) पोलरॉइडही ८०० नॅनोमीटरच्या पुढे बरेच पारदर्शक होतात. हिरवा ठिपका मंद दिसतो, विद्यार्थ्याला वाटते की शलाका निरुपद्रवी झाली, डोळा मिटत नाही आणि न दिसणारा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पूर्ण पोचतो. मला या विषयात सर्वाधिक काळजी वाटते ती याचीच. मोजमापातही घोळ होतो, कारण सिलिकॉनचा फोटोडायोड ८०८ नॅनोमीटरला ५३२ पेक्षा जास्त संवेदनशील असतो. ओडी १ चे दोन फिल्टर एकत्र ठेवले आणि बेरीज १.२ च आली, तर पहिला संशय अवरक्तावर घ्यावा.

तपासणी सोपी आहे. शलाका जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पाडावी, तिच्या रेघा विवर्तन जाळीचे काम करतात, आणि समोरच्या पांढऱ्या कागदावरचे ठिपके अवरक्त फिल्टर काढून टाकलेल्या वेबकॅममधून पाहावेत. डोळ्यांना न दिसणारे जादा ठिपके वेबकॅममध्ये दिसले तर तो लेसर विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नये, निदान पुढे अवरक्त अडवणारी काच कायमची बसवल्याशिवाय तरी नाही.

येथे हेही स्पष्ट लिहितो की या धाग्यातील कोणताही फिल्टर म्हणजे सुरक्षाचष्मा नव्हे. दृश्य प्रकाशाच्या सतत चालणाऱ्या लेसरला सुरक्षेच्या दुसऱ्या वर्गाची मर्यादा १ मिलिवॉट आहे, आणि ती पापणी पाव सेकंदात मिटेल या गृहीतकावर आधारलेली आहे. ५ मिलिवॉटपर्यंतचे ३आर वर्गात येतात. फिल्टर लावलेला असो वा नसो, शलाकेत डोळा जाणार नाही अशीच मांडणी असली पाहिजे.

काचपट्टी

अंधारखोली यांच्या इशाऱ्याला जोडून असा एक मार्ग सांगते, ज्यात रंगद्रव्याचा प्रश्नच येत नाही. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून लंब आपातात सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि लाल, हिरवा, अवरक्त या सर्वांसाठी हा आकडा जवळजवळ सारखाच राहतो. दोन पृष्ठभागांवरून एकामागून एक परावर्तन घेतले की ०.१६ टक्के उरतो, म्हणजे ओडी २.८. काच तापत नाही आणि शलाकेचा आकारही टिकतो.

सूक्ष्मदर्शकाची स्लाइड यासाठी हाताशी असते, पण तिचे दोन पृष्ठभाग समांतर असल्याने पुढचे आणि मागचे परावर्तन एकमेकांवर पडते. १ मिलिमीटर जाडीच्या स्लाइडवर ४५ अंशांचा आपात घेतला तर दोन परावर्तित शलाकांत जेमतेम ०.७५ मिलिमीटर अंतर पडते, आणि शलाकाच तेवढी रुंद असल्याने ठिपक्यात व्यतिकरणाच्या पट्ट्या दिसतात. उपाय दोन आहेत. जाड काचेचा ठोकळा घ्यावा म्हणजे दोन्ही शलाका वेगळ्या होतात, किंवा काळ्या अॅक्रिलिकचा चकचकीत तुकडा घ्यावा. काळ्या अॅक्रिलिकमध्ये दृश्य प्रकाशाचे मागचे परावर्तन उरतच नाही आणि आत शिरलेला दृश्य प्रकाश तेथेच शोषला जातो, त्यामुळे उरलेल्या ९६ टक्क्यांची वेगळी सोय करावी लागत नाही. साध्या काचेबरोबर मात्र पार गेलेली शलाका अडवायला काळा, खडबडीत अडसर हवाच.

कोन लहान ठेवावा, दहा अंशांच्या आत. ४५ अंशांवर एका ध्रुवणाचे परावर्तन ९.२ टक्के आणि दुसऱ्याचे ०.८५ टक्के होते, आणि तिरपा कोन यांनी सांगितलेला अध्रुवित नळीचा चढउतार पुन्हा मोजमापात शिरतो.

दशांश

ओडी कसा पडताळावा, या मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. यासाठी कोणतेही खास उपकरण लागत नाही. फोटोडायोड, ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोध आणि मल्टिमीटर एवढे पुरते.

एक नमुना घेऊ. फिल्टरविना वाचन २१२.० मिलिव्होल्ट आहे, शलाका लेसरच्या तोंडाशी अडवून घेतलेले अंधाराचे वाचन ०.४ आहे. फिल्टर ‘अ’ ठेवल्यावर २३.६ आणि त्याच्या जागी ‘ब’ ठेवल्यावर ३१.८ मिळतात. प्रत्येकातून ०.४ वजा करून भागले की ‘अ’ चे पारगमन ०.११० आणि ‘ब’ चे ०.१४८, म्हणजे ओडी अनुक्रमे ०.९६ आणि ०.८३. आता दोन्ही एकत्र ठेवायचे. बेरीज १.७९ असल्याने वाचन अंधारासह ३.८ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवे. तसे आले तर फिल्टर, फोटोडायोड आणि विद्यार्थी या तिघांचीही परीक्षा एकदम उत्तीर्ण झाली असे समजावे.

अपेक्षेपेक्षा वाचन जास्त किंवा कमी आले तर त्याची कारणे शोधण्यातच खरे शिक्षण आहे. खोलीतील उजेड फोटोडायोडवर येत असेल. अवरक्त गळती असेल. फिल्टरविना घेतलेले वाचनच संपृक्त असेल, आणि मग प्रत्येक फिल्टरचा ओडी खऱ्यापेक्षा कमी मोजला जाऊन एकत्रित वाचन अपेक्षेपेक्षा कमी येते. किंवा धातूच्या मुलाम्याचे परावर्तक फिल्टर एकमेकांना समांतर ठेवल्याने प्रकाश त्यांच्यात मागे-पुढे उसळत असेल. दोन्ही फिल्टर निम्मा प्रकाश परावर्तित करत असतील तर केवळ या उसळण्याने पार जाणारा प्रकाश गुणाकारापेक्षा ३३ टक्के जास्त होतो. असे फिल्टर काही अंश एकमेकांशी कललेले ठेवावेत. कल दिल्याने परत फिरलेली शलाका लेसरच्या पोकळीत शिरून त्याला अस्थिर करण्याचाही धोका टळतो. फक्त ती शलाका कोणाच्या डोळ्यांच्या पातळीवर जात नाही, हे पांढऱ्या कागदाने तिचा माग काढून पाहावे.

मोजमाप ज्या तरंगलांबीला केले ती चौकटीवर लिहिलीच पाहिजे. नुसता ओडी लिहिलेला घरगुती फिल्टर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला फसवतो.

तिसरे सत्र

मी विद्यार्थिनी आहे. आम्हाला दोन फटींचा प्रयोग इतक्या मंद प्रकाशात करायचा आहे की उपकरणात एका वेळी एकाहून अधिक फोटॉन नसावा. त्यासाठी किती ओडी लागेल आणि या स्वस्त फिल्टरांनी ते शक्य आहे का?

दशांश

हिशेब करून पाहू. ६३३ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.१ × १०⁻¹⁹ जूल असते, म्हणून १ मिलिवॉटच्या शलाकेत दर सेकंदाला सुमारे ३.२ × १०¹⁵ फोटॉन असतात. १ मीटर लांबीचे उपकरण ओलांडायला प्रकाशाला ३.३ नॅनोसेकंद लागतात. ओडी ८ ठेवला तर दर सेकंदाला ३.२ × १०⁷ फोटॉन उरतात आणि कोणत्याही क्षणी उपकरणात सरासरी ०.१ फोटॉन असतो. म्हणजे ओडी ८ पासून सुरुवात करावी. सूर्याच्या फिल्मचा ओडी ५ आणि छायाचित्रणाचा एनडी१००० मिळून ते गाठता येते. एवढ्या क्षीणनाची एकदम पडताळणी फोटोडायोडने होणार नाही, म्हणून प्रत्येक फिल्टर स्वतंत्रपणे मोजून बेरीज घ्यावी. खरी कसोटी मात्र भटक्या उजेडाची असते. फिल्टरांच्या कडेने झिरपलेला प्रकाश ओडी ८ ला सहज मागे टाकतो, म्हणून लेसर आणि फिल्टर एका काळ्या नळीत बंद करावेत.

एक ऐतिहासिक गोष्ट आपल्याला आवडेल. १९०९ मध्ये केंब्रिजला जी. आय. टेलर यांनी मंद प्रकाशातील विवर्तनाचा प्रयोग केला, तेव्हा वायूच्या ज्योतीचा उजेड कमी करण्यासाठी काजळी धरलेल्या काचा वापरल्या होत्या. सर्वांत मंद प्रकाशात छायाचित्रपट्टी सुमारे २००० तास, म्हणजे जवळजवळ तीन महिने उघडी ठेवली गेली, आणि तरीही पट्ट्या तितक्याच स्पष्ट उमटल्या.

तिरपा कोन

शाई किंवा खाण्याचा रंग पाण्यात मिसळून द्रवाचा फिल्टर करावा असे पुष्कळदा सुचवले जाते, म्हणून दोन शब्द लिहितो. संहती बदलून शोषणाचा नियम शिकवण्यासाठी तो प्रयोग सुरेख आहे, पण फिल्टर म्हणून द्रव टाळावा. गडद द्रवातून काही मिलिवॉटची शलाका गेली की तिच्या मार्गातला द्रव किंचित तापतो, त्याचा अपवर्तनांक घटतो आणि तेथे एक अपसारी भिंग तयार होते. लेसर सुरू केल्यावर पडद्यावरचा ठिपका बघता बघता फुगतो आणि त्यात वलये दिसू लागतात. वर चढणाऱ्या उष्ण प्रवाहामुळे ती वलये वरच्या बाजूला चपटी होतात. शलाकेची रुंदी मोजायची असेल तर हे सर्व त्या मोजमापात उतरते.

लोलक

सर्वांचा अतिशय ऋणी आहे. हिरवा लेसर सीडीने तपासून होईपर्यंत कपाटात ठेवला आहे. काचेचे तीन फिल्टर मायकेलसनसाठी आणि जिलेटिनाच्या चौकटी विवर्तनाच्या मेजांसाठी, असे ठरवतो आहे. शेवटचा प्रश्न: आमच्या मायकेलसनच्या मांडणीत सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह आणि पिनहोल वापरून शलाका रुंद केली आहे. फिल्टर कोठे ठेवावा, लेसरच्या लगेच पुढे की कॅमेऱ्याच्या आधी?

काचपट्टी

ऑब्जेक्टिव्हच्या आधी, लेसरच्या बाजूला. फिल्टरने शलाकेत जो काही वेडावाकडेपणा आणला असेल तो पिनहोलपाशी गाळला जातो आणि पुढे स्वच्छ तरंगाग्र जाते. या जागी चांगल्या प्रतीचे जिलेटिनसुद्धा चालून जाते. तेथे ठेवल्याने मेजावरच्या सर्व शलाका मंद होतात, म्हणजे आरशांवरून चुकून बाहेर पडणारी परावर्तनेही. फक्त आधी पूर्ण उजेडात पिनहोल जुळवून घ्या आणि मग फिल्टर सरकवा, कारण मंद शलाकेत पिनहोल शोधणे फार वेळखाऊ आहे. फिल्टर बसवल्यावर ठिपका पिनहोलवरून किंचित सरकलेला आढळला तर फिल्टरचे दोन पृष्ठभाग पुरेसे समांतर नाहीत असे समजावे, आणि तेथे दुसरा तुकडा वापरून पाहावा.